वाचकांचे प्रश्न : विकायला घरे नसलेल्या बाजारात गुंतवणूकदारांचे एजंट कसे व्हावे?

प्रश्न : मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. अनेक वर्षे एका वित्तसंस्थेच्या गृहकर्ज विभागात काम केले. आता नोकरी सोडून घरखरेदीत गुंतवणूक करणाऱ्यांसाठी एजंट म्हणून काम करावे, असा विचार आहे. परंतु नौपाडा, पाचपाखाडी, चरई या भागांत घरे विक्रीला येतच नाहीत आणि आलेली घरे जुन्या एजंटांच्या हाती आठवडाभरात संपतात. घोडबंदरला बिल्डरांची स्वतःची विक्री यंत्रणा आहे. अशा बाजारात नव्या माणसाने सुरुवात कोठून करावी? परवाना कोणता लागतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. ठाण्यात घरांची टंचाई आहे, हे सरसकट खरे नाही. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत, त्याचप्रमाणे कोलशेत आणि बाळकुमला नव्या इमारतींची कामे सतत चालू असतात. टंचाई आहे ती विशिष्ट घरांची. स्टेशनपासून चालत जाता येईल असे, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) असलेले, कागद स्वच्छ असलेले, भाडेकरू लगेच मिळेल असे एक किंवा दोन बेडरूमचे घर गुंतवणूकदाराला हवे असते आणि नेमके तेच घर मालक सोडत नाही. कोणाला पुनर्विकासात मोठे घर मिळण्याची आशा असते, कोणाची मुले परदेशी असल्याने निर्णय लांबलेला असतो, कोणाच्या घरात वारसांचे एकमत झालेले नसते, आणि पुष्कळांना हे घर विकून याच भागात दुसरे घेणे परवडणार नसते. ही कारणे ज्याला इमारतीगणिक माहीत असतात, त्याच्याकडे घरे येतात. पोर्टलवरच्या जाहिराती चाळून हे काम साधत नाही, कारण तेथे आलेले घर साऱ्या गावाने आधीच पाहिलेले असते.

परवान्याचा भाग सरळ आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंडाच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे. आपल्या राज्यात ती महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) होते, पाच वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण, परीक्षा आणि त्यानंतर मिळणारे सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. नोंदणीशिवाय काम केल्यास कलम ६२ नुसार दर दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीला ही अट शब्दशः लागू होत नाही, असे सांगून काहीजण नोंदणी टाळतात. आपण टाळू नये. आज जुन्या असलेल्या इमारतीच्या जागी उद्या पुनर्विकासाचा नोंदणीकृत प्रकल्प उभा राहतो आणि त्यातील घरे विकण्याची वेळ आल्यावर आपण बाहेरचे ठरता. शिवाय गुंतवणूकदार आपल्या हाती मोठी रक्कम मार्गी लावायला देतो; त्याने आपला नोंदणी क्रमांक विचारावा आणि आपण तो लगेच दाखवावा, हे योग्यच आहे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि त्याच मर्यादेपासून काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखालील जबाबदाऱ्याही एजंटावर येतात. ग्राहकाची ओळखपत्रे आणि व्यवहाराची नोंद पहिल्या दिवसापासून नीट ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

आता खऱ्या कामाकडे येतो. संपूर्ण ठाणे शहर आपले कार्यक्षेत्र मानू नये. पाचपाखाडी आणि नौपाड्यातील एक सलग पट्टा निवडावा आणि त्यातील प्रत्येक सोसायटीची वही तयार करावी. इमारत कोणत्या वर्षी बांधली, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, महापालिकेने इमारत धोकादायक ठरवली आहे का, लिफ्ट आहे का, मासिक देखभाल किती, गाडी लावायला जागा कशी मिळते, शेवटचे घर कधी आणि किती किमतीला विकले गेले, याच्या नोंदी त्या वहीत असाव्यात. शेवटच्या व्यवहाराची किंमत ऐकीव नसावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश, इंडेक्स टू) पाहता येते, त्यात मोबदल्याची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते. शेजारी सांगतील तो आकडा आणि सूचीतला आकडा यांत फरक असतो, आणि गुंतवणूकदाराला आपण सूचीतला आकडा द्यावा.

सोसायटीत गेल्यावर जिन्याजवळचा सूचनाफलक वाचावा. थकबाकीदारांची यादी, विशेष सर्वसाधारण सभेची सूचना, संरचनात्मक तपासणीसाठी वर्गणी, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, लिफ्टच्या खर्चावरून निघालेले परिपत्रक अशा कागदांतून इमारतीची प्रकृती कळते. घोडबंदरकडील सोसायटीत मागच्या उन्हाळ्यातील टँकरची बिले पाहायला मागावीत. नळाच्या पाण्याबद्दल तोंडी मिळालेले आश्वासन त्या बिलांसमोर टिकत नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर इमारतीसमोर थोडा वेळ थांबले, तर किती घरे रिकामी आहेत याचाही अंदाज येतो. रिकाम्या घराचा मालक कोठे राहतो, हे सचिवाला किंवा रखवालदाराला माहीत असते. त्यांना पैसे देऊन नावे मिळवू नयेत, कारण त्या माहितीचा वापर आपण कसा करतो हे सोसायटीभर कळते. सोसायटीच्या कागदपत्रांत खरोखर मदत करणाऱ्या एजंटाला समिती स्वतःहून फोन करते, असा माझा अनुभव आहे.

वारसाहक्काची घरे हा अशा बाजारातील मोठा साठा आहे आणि बहुतेक एजंट तेथे जायला कंटाळतात. चरईतील एक घर समजा : भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) वडिलांच्या नावावर, वडिलांनी नामनिर्देशन आईच्या नावाने केलेले, आता आईही हयात नाही, एक भाऊ ठाण्यात, दुसरा पुण्यात, बहीण परदेशात. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. येथे सर्व वारसांची संमती, आवश्यक तेथे हक्कसोडपत्र, सोसायटीच्या दप्तरी हस्तांतरण, बहिणीचे मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरणे, आणि ती अनिवासी असल्यास तिच्या वाट्यावरील करकपात वेगळ्या नियमाने होणे, इतकी कामे आहेत. वकील आणि सनदी लेखापाल ती करतील. परंतु कोणता कागद कोणाकडून कधी यायचा याचा पाठपुरावा करणारा माणूस लागतो. काही महिने हे काम धीराने केलेल्या एजंटाला ते घर बाजारात येण्यापूर्वीच विकायला मिळते, आणि पुष्कळदा त्याच कुटुंबाच्या ओळखीतून दुसरेही मिळते. मात्र त्या कुटुंबाच्या घाईचा किंवा अज्ञानाचा फायदा घेऊन आपल्या गुंतवणूकदाराला पडत्या भावात घर मिळवून देणे हा अन्याय आहे. वारसांना सूचीतील अलीकडच्या किमती दाखवूनच बोलणी सुरू करावीत.

बँकांच्या लिलावातही गुंतवणूकदारांना रस असतो. त्याचे नियम ठरलेले आहेत : सर्वसाधारणपणे बोली मंजूर होताच अनामत धरून २५ टक्के रक्कम आणि उरलेली १५ दिवसांत भरावी लागते, घर आहे त्या स्थितीत घ्यावे लागते. ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ कागदोपत्री, सोसायटीची थकबाकी किती आणि आत कोण राहते, हे पाहिल्याशिवाय ग्राहकाला बोली लावायला सांगू नये. हे क्षेत्र पहिल्या वर्षी नसावे.

आपल्या गृहकर्ज विभागातील अनुभवाचा उल्लेख आपण पत्रात ओझरता केला आहे. माझ्या दृष्टीने आपली खरी शिदोरी तीच आहे. कोणत्या इमारतीवर बँका कर्ज देत नाहीत, मूल्यांकन कोठे कमी येते, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील कोणत्या फरकावर फाईल परत येते, हे आपल्याला माहीत आहे. गुंतवणूकदार रोखीने घेऊ शकेल, पण त्याच्याकडून पुढे घेणारा बहुधा कर्जच काढणार असतो. त्या दुसऱ्या खरेदीदाराला कर्ज मिळणार नसेल, तर आजची स्वस्ताई गुंतवणूकदाराच्या गळ्यात पडते. प्रत्येक घर दाखवण्यापूर्वी त्याच्या भावी खरेदीदाराला बँक कर्ज देईल का, एवढे आपण लिहून दिले, तरी ठाण्यातील कितीतरी एजंटांपेक्षा आपले काम वेगळे ठरेल.

आणि हिशेब. गुंतवणूकदारासमोर भाड्याचा ढोबळ आकडा ठेवू नये. समजा घर १ कोटी रुपयांचे आहे आणि भाडे महिना २८,००० आहे. वर्षाचे ३,३६,००० झाले, म्हणून परतावा ३.३६ टक्के असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास ७ लाख, नोंदणी ३०,००० आणि दलाली १ टक्का धरल्यास १ लाख मिळून गुंतवणूक १,०८,३०,००० होते. देखभालीचे महिना ५,००० म्हणजे वर्षाचे ६०,०००, मालमत्ता कराचे १२,००० आणि घर एक महिना रिकामे राहिल्याचे २८,००० वजा केले, तर हाती २,३६,००० उरतात. परतावा २.१८ टक्क्यांच्या आसपास आला. रंगकाम आणि प्राप्तिकर यात धरलेलाच नाही. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिगरभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही मिळवावे. असा हिशेब पाहून काही गुंतवणूकदार माघार घेतील. घेऊ द्यावी. जे राहतील, ते किंमत वाढण्याची वाट पाहण्याची तयारी ठेवून आलेले असतील, आणि तुटवड्याच्या बाजारात अशाच माणसांबरोबर वर्षानुवर्षे काम होते.

प्रश्न : मी नेरूळमध्ये घरे भाड्याने मिळवून देण्याचे काम करते. माझ्याकडील काही भाडेकरू आणि घरमालक आता गुंतवणुकीसाठी घर शोधून द्या म्हणतात. पण चांगले घर आले की दुसरा एजंट त्याच दिवशी टोकन देऊन मोकळा होतो आणि मी कागद तपासत बसते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या कागदांचाही पूर्ण अंदाज नाही. मी हे काम घ्यावे का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : अवश्य घ्यावे. ताई, ज्या घरांच्या शोधात बाकीचे एजंट फिरतात त्यांची यादी आपल्या कपाटात आहे, हे आधी लक्षात घ्या. भाड्याच्या प्रत्येक फाईलमध्ये मालकाचा पत्ता, घराचे क्षेत्रफळ, भाड्याचा इतिहास आणि करार संपण्याची तारीख आहे. सहसा मालक घर विकण्याचा विचार करतो तो करार संपताना : जुना भाडेकरू निघालेला असतो, नव्यासाठी रंग काढायचा असतो, मालक पुण्याला किंवा परदेशात असतो आणि पुन्हा सगळे नव्याने करायचा त्याला कंटाळा आलेला असतो. करार संपण्याच्या दोन महिने आधी प्रत्येक मालकाला फोन करून, घर पुन्हा भाड्याने द्यायचे की विकण्याचा विचार आहे, असे सरळ विचारावे. दबाव आणू नये. दहातल्या नऊ जणांचे उत्तर भाड्याचेच असेल, आणि तेही आपलेच काम आहे.

टोकनच्या शर्यतीचे दुखणे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे तपासणी आधी करून ठेवणे. आपल्या सेक्टरमधील ज्या इमारतींत भाड्याची कामे होतात, त्यांच्या कागदांची तपासणी कोणते घर विक्रीला नसतानाच करावी. इमारतीचा भोगवटा, सिडकोचा भाडेपट्टा, सोसायटीची नोंदणी आणि पुनर्विकासाची स्थिती या गोष्टी सगळ्या घरांना सारख्याच लागू असतात. त्या एकदा पाहिल्या की घर आल्याच्या दिवशी फक्त त्या घराच्या करारांची साखळी, भागदाखला, कर्जाचा बोजा आणि सोसायटीची थकबाकी एवढेच उरते, आणि ते एका दिवसात पाहून होते. तरीही टोकन द्यावेच लागले, तर ते मालकाच्या नावाने धनादेशाने द्यावे आणि कागद समाधानकारक न निघाल्यास किती दिवसांत परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्यावे. आपल्या खात्यात टोकन घेऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देण्याघेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, हेही ग्राहकाला आधीच सांगावे.

सिडकोबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नवी मुंबईत येथेच माणसे फसतात. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची जमीन विकण्याऐवजी मुख्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे घर विकताना सोसायटीच्या संमतीबरोबर सिडकोची हस्तांतरण परवानगी आणि तिचे शुल्क हा प्रश्न येतो. घर सिडकोने बांधून दिलेले आहे, खासगी बिल्डरने सिडकोच्या भूखंडावर बांधलेले आहे, की संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देणाऱ्या योजनेतील भूखंडावरचे आहे, यानुसार कागद बदलतात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर मूळ वाटपपत्र, त्रिपक्षीय करार (सिडको, मूळ धारक आणि विकासक यांच्यातील) आणि मूळ धारकाच्या सर्व वारसांच्या सह्या पाहाव्यात. एखादा वारस वगळला गेला असेल, तर वाद इमारत उभी राहिल्यानंतरही उभा राहतो. सोडतीत मिळालेल्या घरांना ठरावीक काळ विक्रीबंदी असते. त्या काळात मुखत्यारपत्रावर घर द्या, असा प्रस्ताव आला, तर तो आपल्या गुंतवणूकदारापर्यंत नेऊच नये.

गावठाणालगतची घरे हा वेगळा विषय आहे. तेथील किंमत कमी असते, भाडे बरे मिळते आणि परताव्याचा हिशेब कागदावर फार सुंदर दिसतो. दिघा येथील अनधिकृत इमारतींवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाई सुरू झाली, तेव्हा ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली होती त्या कुटुंबांवर काय वेळ आली, हे आपण नेरूळमध्ये राहून पाहिले असेल. परवानगी नसलेल्या इमारतीतील घर कितीही परतावा दाखवत असले, तरी ते विकून देण्यात सहभागी होऊ नये. भूमिपुत्रांच्या घरांचा प्रश्न खरा आहे आणि तो शासनाने सोडवायचा आहे. पण तो सुटेपर्यंतची जोखीम बाहेरच्या खरेदीदाराच्या माथी मारणे बरोबर नाही.

वाशीतील सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती, विशेषतः सेक्टर ९ आणि १० मधल्या, गुंतवणूकदारांना पुनर्विकासासाठी हव्या असतात. अशा इमारतीत घर घेताना आपला ग्राहक आजच्या भिंती घेत नाही, तो सभासदाचा हक्क घेतो. म्हणून सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभा झाली का, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती आहे का, विकासकाशी करार नोंदवला आहे का, आणि विक्रेत्याने विकासकाकडून मिळणारे पर्यायी घराचे भाडे किंवा कॉर्पसची (एकरकमी) रक्कम आधीच उचलली आहे का, हे पाहावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. विक्रेत्याने पुढील दोन वर्षांचे भाडे आगाऊ घेतलेले असेल आणि ते किमतीतून वजा झाले नसेल, तर गुंतवणूकदाराचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. सोसायटीचे पत्र घेऊन ती रक्कम लेखी निश्चित करावी.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्याआधी १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईला नवी मुंबईशी जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले होते. या दोन्हींमुळे उलवे, द्रोणागिरी, पनवेलपर्यंतचे मालक सांगतील ती किंमत मागू लागले आहेत. गुंतवणूकदाराला बातमीचा उत्साह असतो. आपण त्याला त्या परिसरातील सध्याचे प्रत्यक्ष भाडे विचारून सांगावे. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही पुनर्विकासाच्या स्वप्नात धरायला हवे. आपण भाड्याचे काम करता, म्हणून या बाबतीत आपला शब्द इतर एजंटांपेक्षा वजनदार आहे. तो जपून वापरा.

प्रश्न : विक्रेता आणि गुंतवणूकदार या दोघांकडून दलाली घेणे योग्य आहे का? आणि चांगले घर आल्यास एजंटाने ते स्वतःसाठी घेऊ नये का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : पुनर्विक्रीत दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. दोघांनाही ते आधी माहीत असेल आणि रक्कम लेखी ठरलेली असेल, तर त्यात गैर नाही. अडचण येते ती किमतीच्या बोलणीत. मी गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी आहे, असे सांगून काम घेतले असेल, तर विक्रेत्याकडून दलाली घेऊ नये, किंवा घेतल्यास गुंतवणूकदाराच्या दलालीतून तितकी वजा करावी, असे माझे मत आहे. घरे कमी असताना गुंतवणूकदार अधिक किंमत द्यायला लवकर तयार होतो आणि किमतीवर टक्केवारी घेणाऱ्या एजंटाचा फायदा त्यातच असतो. म्हणून नियमित ग्राहकाबरोबर टक्क्याऐवजी ठरावीक शुल्क लावावे. मग महागडे घर नाकारताना एजंटाचे नुकसान होत नाही.

स्वतःसाठी घर घ्यायचे असेल, तर ते विक्रेत्याला स्पष्ट सांगून आणि ज्या ग्राहकांनी त्या प्रकारचे घर शोधायला सांगितले आहे त्यांना आधी दाखवूनच घ्यावे. भावाच्या किंवा पत्नीच्या नावाने स्वस्तात उचलून दोन महिन्यांनी आपल्याच गुंतवणूकदाराला विकणे ही फसवणूक आहे, आणि सूची क्रमांक २ कोणालाही पाहता येत असल्याने ती लपतही नाही.

प्रश्न : मी महारेराकडे नोंदणी केलेला एजंट आहे. घोडबंदर परिसरातील एका बिल्डरने प्रकल्पाची नोंदणी होण्यापूर्वीच, पाच-सहा गुंतवणूकदार आणल्यास प्रत्येकाला कमी दराने घर आणि मला वाढीव दलाली देऊ, असे सांगितले आहे. पुनर्विक्रीत घरेच मिळत नसल्याने मोह होतो. यात धोका कितपत आहे?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : धोका किती, हा प्रश्नच येथे उरत नाही, हे कायद्याने मना आहे. स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम ३ नुसार नोंदणीपूर्वी प्रकल्पाची जाहिरात, विक्री किंवा बुकिंगची रक्कम स्वीकारणे बिल्डरला वर्ज्य आहे, आणि कलम १० नुसार अशा प्रकल्पातील विक्रीला हातभार लावणे एजंटाला वर्ज्य आहे. खरेदीची इच्छा कळवणारे पत्र, परत मिळणारी अनामत, मित्रांसाठीची योजना अशी नावे दिल्याने व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. नोंदणीकृत प्रकल्पात खरेदीदाराला जी संरक्षणे मिळतात, ती येथे कोणतीच नसतात. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन नसते, आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम न घेण्याची मर्यादाही पाळली जात नाही. परवानगी दोन वर्षे अडली, तर आपले पाच-सहा गुंतवणूकदार बिल्डरकडे जाण्याआधी आपल्या दाराशी येतील, आणि त्यांचे बरोबर असेल.

बिल्डरला लेखी कळवावे की प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मिळाल्यावर मी माझ्या ग्राहकांना घेऊन येईन. गरजू बिल्डर तेव्हाही चांगला दर देतो, कारण सुरुवातीच्या विक्रीची त्याला गरज असतेच. त्या वेळी महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीचा अहवाल, दावे आणि पूर्णत्वाची तारीख पाहावी, आणि ती तारीख त्याच बिल्डरच्या आधीच्या प्रकल्पांत किती वेळा पुढे ढकलली गेली तेही पाहावे.

आपले गुंतवणूकदार ताबा मिळण्यापूर्वीच घर पुढे विकण्याच्या विचाराने येणार असतील, तर मुद्रांक कायद्यातील एक तरतूद त्यांच्या उपयोगाची आहे. बिल्डरकडून घेतलेले घर गुंतवणूकदाराने ठरावीक मुदतीत पुढे विकल्यास त्याने भरलेले मुद्रांक शुल्क नव्या खरेदीदाराच्या शुल्कात वळते करून मिळू शकते. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षे करण्यात आली. त्यासाठी पहिल्याच करारनाम्यात खरेदीदार गुंतवणूकदार म्हणून घर घेत असल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. छापील मसुद्यात तो नसतो आणि नंतर घालता येत नाही. तो घालावा की नाही, हे वकिलाला विचारून नोंदणीच्या आधी ठरवावे, कारण ताब्याला उशीर झाल्यास भरपाई मागताना बिल्डर त्याच उल्लेखावर बोट ठेवून आपल्या ग्राहकाला घरखरेदीदार मानायला नकार देऊ शकतो. स्वतः राहण्याचा विचार थोडासाही असेल, तर तो उल्लेख न घालणे बरे. आणि ७० लाखांच्या घरावर ७ टक्के म्हणजे ४,९०,००० रुपयांचा हा प्रश्न असल्याने ग्राहकाचा निर्णय कोणताही असो, तो त्याच्या सहीनिशी आपल्या फाईलला लावून ठेवावा.